जॅक बांधला नव्हता

दादाने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली, तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर. रविवारी तो जीप घेऊन खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या रस्त्याला जायचा. तिथे चिखलात कोणाचा ना कोणाचा टेम्पो रुतलेला असायचाच. तो ओढून काढण्यात दादाला भारी आनंद. सोबत मी.

जीपच्या मागे त्याने सगळ्याची जागा ठरवली होती. साखळी लोखंडी पेटीत, फावडं पट्ट्याने बाजूला आवळलेलं, आणि कमरेएवढा उंच जॅक उभा, पट्टीत अडकवून वर हाताने फिरवायचा नट. तो जॅक उचलताना माझा श्वास अडकायचा. काम झालं की सामान जागच्या जागी लावणं माझ्याकडे होतं.

त्या रविवारी नाहूरच्या पलीकडे एक टेम्पो अर्ध्या चाकापर्यंत रुतला होता. तो काढेपर्यंत दुपार टळली. जॅक परत पट्टीत लावताना नट माझ्या हातातून निसटला आणि चिखलात गेला. मी चार-पाच वेळा हात घालून चाचपलं, मिळाला नाही. दादा पुढे टेम्पोवाल्याशी बोलत होता. त्याला सांगितलं असतं तर बोलणी बसली असती. मी जॅक जीपच्या मागच्या तळावर आडवा ठेवला, भोवती ओला दोर कोंबला आणि मागच्या बाकावर बसलो.

"सगळं बांधलंस ना रे?" दादाने विचारलं.

"हो."

परतताना रेल्वे फाटकाच्या अलीकडे पुढची रिक्षा एकदम थांबली. दादाने ब्रेक दाबला. जॅक सरकताना मला दिसला. मी पाय आडवा घातला, पण तो पायावरून घसरत दोन सीटच्या मधून थेट पुढे गेला. दादाचा हात गिअरवर होता.

तो ओरडला नाही. नुसता "आई गं" म्हणाला, हळू, आणि हात छातीशी धरून बसला. जीप बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. एक माणूस खिडकीशी येऊन म्हणाला, "गाडी बाजूला घे की यार, काय बघतोस?" मला गाडी चालवता येत नव्हती. तसं मी त्याला सांगितलं. शेवटी त्यानेच आणखी दोघांना बोलावून जीप ढकलली आणि आम्हाला रिक्षात बसवलं. रिक्षात मी दादाचा हात धरायला गेलो. तो म्हणाला, "हात नको लावू." मग मी कुठे बघावं तेच कळेना.

हॉस्पिटलात वहिनी धावत आली. काय झालं, कसं झालं, तिने मला विचारलं. मी तोंड उघडण्याआधी दादा म्हणाला, "नट ढिला होऊन पडला असेल वाटेत. निघताना मी बघायला हवं होतं." वहिनी त्याच्यावर रागावली. मी शेजारी उभा राहून ते ऐकलं.

प्लास्टर निघालं तरी दोन बोटं पुरती मिटत नव्हती. कारखान्यात त्याला बेंचवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे तो दिवसभर इतरांना हत्यारं काढून द्यायचा.

जॅकसाठी नवी जाड पट्टी बसवायची ठरली. दादाला पान्हा धरवत नव्हता. तो स्टुलावर बसून सांगत होता, मी आवळत होतो. खाली वाकलेलो होतो म्हणूनच मला बोलता आलं असावं.

"दादा, त्या दिवशी नट चिखलातच पडला होता. मी जॅक बांधलाच नव्हता."

 मी मान वर केली नाही.

"तेव्हाच बोलला असतास तर दोराने बांधला असता मी," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम होतं रे."

 तो उठून घरात गेला.

त्याने वहिनीला काही सांगितलं नाही, मला कधी टोचून बोलला नाही. काही महिन्यांनी पुन्हा जीप चालवू लागला, मलाही सोबत नेऊ लागला. फक्त निघायच्या आधी तो मागे यायचा, मी बांधलेला जॅक त्या अधू हाताने धरून दोनदा हलवून बघायचा, आणि मग पुढे जाऊन बसायचा.