चष्मा चढतो

आठवीला विनोदी कविता शिकवून झाल्यावर मी म्हटलं, "आता तुम्ही लिहा. यमक जुळलं पाहिजे आणि हसू आलं पाहिजे." शेवटच्या बाकावरची मुक्ता उभी राहिली. तिने वही उघडून वाचलं,

"बाईंचा चष्मा कपाळावर चढतो,
अख्खा वर्ग बाकाखाली दडतो."

यमक चोख होतं. पण कुणी हसेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मनात म्हटलं, हसा की मेल्यांनो! हसायलाही माझी परवानगी लागते, हे इतकी वर्षं शिकवून मला कळलंच नव्हतं.

"छान लिहिलंयस गं," म्हणताना माझे डोळे भरून आले. ते पुसायला मी चष्मा वर सरकवला.

अख्ख्या वर्गाच्या माना झटकन खाली गेल्या.