किलोवर आवाज विकणारा कानिफनाथ

कानिफनाथ होले स्पीकर ऐकत नाही, उचलतो. बाजारात कोकराचं वजन अंदाजावं तसा तळहातावर झुलवतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "घ्या हातात. चार किलोच्या खाली न्हाई. जड त्ये खरं!"

आमच्या श्रीगोंद्याच्या पट्ट्यात माणसाची हयात उसात जाते आणि वर्षाचा निकाल फॅक्टरीच्या काट्यावर लागतो. त्यामुळं वजन म्हटलं की आमची मान आपोआप डोलते. कानिफनाथला जगात एवढंच कळलेलं आहे, आणि तेवढ्यावर त्याचं दुकान चाललंय.

गडी आधी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. तिथं सुपरवायझरलाच काम शिकवायला लागला, म्हणून त्याला गेटबाहेर काढला. गावात येऊन म्हणाला, "म्याच लाथ मारली." मग टेम्पोवर क्लीनर झाला, पण टायर बदलायला सांगितला की ह्याची कंबर धरायची. शेवटी काष्टीच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं, वर 'नाथ कार डेकोर' असा बोर्ड लावला, आणि भोंदूला मंतर सापडावा तसा ह्याला वॅट सापडला. खोक्यावर हजार छापलं असलं की हजार. छापणारा खोटं कशाला छापील, हा त्याचा युक्तिवाद. अशा माणसाला मुलगी कुणी दिली म्हणाल, तर साळूबाईनं. दिली तेव्हा तो कारखान्यात होता.

साळूबाई सुकी मासळी विकते. नवरा गेल्यावर त्याची जुनी मारुती व्हॅन स्वतः चालवायला शिकली. मागं सुकट, बोंबील, वाकट्यांची पोती, वर टपावर भोंगा, आणि भोंग्यातून तिचाच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज: "सुकट घ्याऽऽ, बोंबील घ्याऽऽ, पावसाळ्याची बेगमी कराऽऽ!" तो आवाज वेशीत आला की मळ्यातल्या बाया डबे घेऊन रस्त्याला यायच्या. उन्हाळ्याच्या शेवटी भरलेला माल हवा दमट व्हायच्या आत खपला पाहिजे. एकदा ओल लागली की सुकटीत अळी होते आणि वर्षाची कमाई उकिरड्यावर जाते. तिचं सगळं घर त्या थोड्या दिवसांवर उभं असतं.

त्यात यंदा ऐन त्याच दिवसांत धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना जावयाचा. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, आणि महिनाभर त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. जावई म्हणजे त्या महिन्यात नारायण. नारायणानं हातात पकड घेतली तर काय करावं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

ह्या नारायणानं पहिल्याच आठवड्यात व्हॅन शेडवर बोलावली.

"मामी, ह्यो भोंगा म्हंजी माझी अब्रू हाय," तो म्हणाला. "लोक म्हनत्यात, कानिफनाथची सासू आन टपावर डबडं."

"वाजतोय की चांगला, जावईबापू," साळूबाई म्हणाली. "बाया वळखत्यात त्याला."

"आता आख्खा तालुका वळखल!"

त्यानं भोंगा उतरवून त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. व्हॅनच्या मागच्या दारात दोन भले थोरले स्पीकर बसवले, कडेला बारीक आवाजाच्या दोन छोट्या वाट्या, म्हणजे ट्विटर, आणि सीटखाली तळहाताएवढा ॲम्प्लिफायर. एवढ्या धुडाला एवढासा ॲम्प्लिफायर का, असं साळूबाईनं भीत भीत विचारलं.

कानिफनाथ हसला. "मामी, बैल तगडा आन गाडी हालकी. बैल दमंल का? स्पीकर हजार वॅटचा, वर भार चाळीसचा. जन्मात जळनार न्हाई."

साळूबाईनं मान हलवली. ह्या महिन्यात दुसरं काय हलवणार?

दुसऱ्या दिवशी ती बेलवंडीत शिरली. व्हॅनमधून आवाज निघाला तो "बुंऽब, बुंऽब". सुकट नाही, बोंबील नाही, नुसता पोटात ढवळणारा घुमारा. त्या जाड स्पीकरांचं काम ढोलाचं, त्यांच्याकडून माणसाचं बोलणं वदवून घ्यायला निघालेला हा शहाणा. कुत्री भुंकत मागं लागली. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हात करून व्हॅन थांबवली.

"बाई, बोअर कुनाची मारताय?"

"बोअर न्हाई, आबा. बोंबील हायती."

"मंग तसं सांगा की. आमी म्हनलं, मशीन आलं."

पोती जशी गेली तशी परत आली. संध्याकाळी ती शेडवर गेली. शब्द कळत नाहीत, असं तिनं जमेल तेवढ्या मानानं सांगितलं. कानिफनाथनं सीटखाली हात घातला आणि ॲम्प्लिफायरची सगळी बटणं शेवटापर्यंत पिळली.

"तुमी दबकत वाजवता. फुल्ल सोडा, फुल्ल!"

आडळगावात तिनं फुल्ल सोडलं. ओल्या फडक्यासारखा फाटलेला आवाज निघाला, थोड्या वेळानं त्यातला बारीक सूरही गेला. ट्विटर जळाले. मग सीटखालून प्लास्टिकचा वास यायला लागला आणि व्हॅन मुकी झाली. साळूबाई खाली उतरून घराघरांपुढं ओरडत फिरली, पण मळ्यापर्यंत गळा पोचतो होय? तोवर आभाळ भरून यायला लागलं होतं. एका पोत्यात हात घातला तर सुकट बोटाला चिकटली.

तरी तिनं जावयाचं धोंड्याचं जेवण केलं. नवा शर्ट, टोपी, पाट, रांगोळी, तुपात भिजलेले धोंडे. मी शेजारी म्हणून पंगतीला होतो. कानिफनाथ नव्या शर्टात घुसमटत जेवत होता आणि बोलत होता.

"आवाज गेला त्याला कारन हाय, मामी. तुमचं रेकॉर्डिंग कमजोर. बाईचा आवाज पातळ, स्पीकर भारी. जमंल कसं? आता ह्याच्याहून जड स्पीकर टाकू."

साळूबाई वाढत राहिली. मागं उभी असलेली आरती, त्याची बायको, पुढं आली.

"अवो, आईचा माल कुजाय लागलाय. तुमाला येत न्हाई त्ये काम. येत न्हाई म्हनून सांगा आन गप जेवा."

"आरते, पावन्याम्होरं बोलतीस?"

"पावनं तुमीच. म्या घरची हाय."

कानिफनाथ ताटावरून उठला. अर्धा धोंडा तोंडात असल्यामुळं काय बोलला ते कुणाला कळलं नाही. सगळ्यांनी 'बसा, बसा' म्हणत हात जोडले, साळूबाई सोडून. ती आत गेली, व्हॅनची किल्ली घेऊन बाहेर आली आणि लेकीला म्हणाली, "अन्नावरनं उठला, तिथंच त्याचा मान संपला. चल बस."

श्रीगोंद्याच्या स्टँडामागं फैयाजचं स्पीकर-भोंग्यांचं दुकान आहे. फैयाज काही देवमाणूस नाही. गिऱ्हाईक ताटकळत ठेवतो, उर्मट बोलतो, चहा स्वतःपुरताच मागवतो. त्यानं मागचं दार उघडलं आणि आधी पोट धरून हसला.

"मावशी, ह्ये तमाशाच्या गाडीला लावायचं हुतं. हजार ल्हिलंय त्ये एका दणक्यापुरतं. स्पीकर सारखा किती झेपतोय, आन ॲम्प्लिफायर खराखुरा किती देतोय, ह्ये दोन्ही आकडं जुळाय पायजेत. ह्या दोन धुडांची वायर त्यानं ॲम्प्लिफायरच्या एकाच तोंडाला जुपली, म्हनून भार डबल झाला. ताकदीच्या वर पिळला, मंग आवाज फाटनारच. फाटक्या आवाजानं ट्विटर गेलं आन भारानं ॲम्प्लिफायर. कुना गाढवाचं काम?"

"जावयाचं," आरतीच म्हणाली.

फैयाजनं पान्हा उचलला. त्यानं दोन्ही स्पीकर उतरवले, टपावर तीस वॅटचा भोंगा चढवला आणि खाली चाळीसचा खरा ॲम्प्लिफायर. "बटन निम्म्याच्या वर न्यायचं न्हाई. मोकळा बोलल."

मोकळाच बोलला. पेडगावात बाया डबे घेऊन पळत आल्या. चिकटलेलं ते एक पोतं कोंबडीवाल्याकडं खाद्याच्या भावात गेलं, बाकीचा माल गावोगाव उतरत राहिला.

इकडं कानिफनाथ रुसून शेडात बसला होता. रुसलेल्या जावयाची समजूत काढायला सासुरवाडीनं यायचं असतं, तसं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. "येत्याल. पाया पडत येत्याल." नवा शर्ट त्यानं त्याच आशेवर अंगात ठेवला होता.

एक दिवस व्हॅन खरंच शेडासमोर थांबली. कानिफनाथनं शर्ट खाली ओढला, चेहऱ्यावर राग बसवला आणि व्हॅनच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. समोरच्या वस्तीवरच्या बाया भोंगा ऐकून धावत येत होत्या आणि हा नेमका त्यांच्या वाटेत. साळूबाई शेवटचं पोतं उघडत होती. तिनं वर पाहिलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक आलंय."