अर्धा झिजलेला खोडरबर

ड्रॉवर आवरताना लेकीचा, सानिकाचा, जुना खोडरबर सापडला. नाकाशी नेला, तर तोच गोडसर वास! क्षणात मी जपानमध्ये, निशी-कसाईतल्या तिच्या वर्गात, इवल्याशा खुर्चीवर अवघडून बसले होते.

सानिका तेव्हा दुसरीत होती. वजाबाक्या चुकायच्या, म्हणून शाळेत जाताना रडायची. मी रोज संध्याकाळी तिच्या चुका खोडून त्यावरच बरोबर उत्तरं लिहून घ्यायचे. वही कशी स्वच्छ दिसायला हवी! पुण्यात मी अशीच शिकले होते.

पालकभेटीत बाईंनी वही उघडून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. माझं जपानी कच्चं, त्यामुळे दुभाषी सानिकाच.

"आई, सेन्सेई म्हणतात, चूक खोडायची नाही. बाजूला परत लिहायचं. मग दिसतं ना, मी किती वेळा ट्राय केलं ते." मग ती म्हणाली, "हे तुला सांगितलंय."

तेव्हा मला रागच आला होता. पण मी खोडणं सोडलं. वही गिचमिड होत गेली, तसं तिचं रडणं थांबलं.

कालच कॉलेजातून तिचा फोन आला. "आई, प्रयोग तिसऱ्यांदा फसला," म्हणाली, आणि चक्क हसत होती.

खोडरबर मी परत ड्रॉवरमध्ये ठेवला. अर्धा झिजलाय तो, सगळा माझ्याच हातून.