तुळसाक्कांचं नख

तुळसाक्का माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर पाहायच्या. आधी त्याच्या बाहीची शिवण चिमटीत धरायच्या. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा मी माझं कूळ, मोजणी खात्यातली नोकरी, पणजोबांनी संस्थानच्या फौजेत गाजवलेली मर्दुमकी असं सगळं पाठ करून गेलो होतो. त्यांनी त्यातलं काही ऐकून घेतलं नाही. कोटाच्या बाहीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाल्या, "घाईत शिवलाय. पण तो शिंप्याचा दोष. तू राहा."

घर रंगाऱ्यांचं. यजमान असेपर्यंत मागच्या अंगणात रंगाच्या कढया चढायच्या, फळीवर लाकडी ठसे ओळीनं मांडलेले असायचे. गिरणीचं कापड आलं, पाठोपाठ यजमान गेले, आणि अक्का लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या कौद्या शिवू लागल्या. गोधडीला आमच्याकडे कौदीच म्हणायचे.

माझं काम नकाशे उतरवण्याचं. रेघ केसाएवढी हलली तर साहेब कागद परत करायचे, त्यामुळे अचूकपणा हा आपला खानदानी गुण आहे अशी माझी समजूत झाली होती. एका रविवारी अंगणातल्या दोरीवर अक्कांची कौदी पाहिली. चार तुकडे जिथं मिळतात त्या जागेला त्या चौक म्हणत. शंभरेक चौक असतील, सगळे बिंदूवर बिंदू. मला राहवेना. वरून पट्टी आणली आणि चोरून तुकडे मोजले. कुठलाही तुकडा दुसऱ्याएवढा नव्हता. तरी चौक जुळलेले. ते गणित मला दोन दिवस झोंबलं. तिसऱ्या दिवशी मी निमूटपणे त्यांना विचारलं.

"मोजून जुळतं होय, मोजणीराव?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात सुई दिली. तेव्हापासून मोहल्ल्यात माझं तेच नाव पडलं.

रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी ओट्यावर माझी शाळा भरायची. मी तुकडे पट्टीनं आखून कापायचो, कडेला कड लावून शिवायचो, आणि चौक उघडून पाहावा तर वरचे दोन तुकडे एकीकडे, खालचे दोन भलतीकडे. मी कापडाला दोष द्यायचो, कापड जुनं निघालं तर दोऱ्याला. अक्का शिवण उसवून तुकडे परत द्यायच्या. "निधान, निधान," म्हणायच्या. कन्नडमधलं हे सावकाशपण त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या टोकाला असायचं. पंधरा दिवस माझी फजिती पाहून झाल्यावर त्यांनी एक ओळ उलटी करून माझं बोट शिवणीवर टेकवलं. वरच्या ओळीच्या शिवणीची दुमड डावीकडे पाडलेली, खालच्या ओळीची उजवीकडे. दोन्ही समोरासमोर आणल्या की एकीच्या पायरीला दुसरी अशी चपखल अडायची की हलवू म्हटलं तरी हलत नव्हती.

"दोघी जावा आहेत त्या," अक्का म्हणाल्या. "एकाच अंगाला बसवल्यास तर ढकलाढकली करणार. तोंडासमोर तोंड करून बसव, मग कशा गुपचूप बसतात बघ. आधी चौक धर. मधलं कमी-जास्त कापड आपलं आपण समजून घेतं."

पट्टी नाही, पेन्सिल नाही. सगळी मोजणी बोटात.

बोटातच का, हे मला फार उशिरा कळलं. त्या रोज माझ्याकडून सहा सुया ओवून घ्यायच्या. मला वाटायचं, शिष्याला कामाला जुंपलंय. मग एकदा लग्नाला जायला मित्राचा कोट मागून आणला. तो अंगात घालून दारातून आत येतो तोच अक्कांनी बाही चाचपली आणि मलाच सांगितलं, "मोजणीराव अजून आले नाहीत कचेरीतून. बसा." मला गंमत सुचली. आवाज बदलून "मग येतो" म्हणालो आणि हसू दाबत जिना चढू लागलो. तिसऱ्या पायरीवर हसू थांबलं. भर दुपार होती आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

खाली येऊन खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. इस्पितळातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. उजवा डोळा गेला होता, डावा चालला होता. चंपाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीला, कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं. चंपा बन्नूरहून पहिल्या बाळंतपणाला यायची होती. आणि मग त्यांनी पेटी उघडून एक ठाण काढलं.

यजमानांनी आजारपणात छापलेलं ते शेवटचं कापड. तांबड्या जमिनीवर एकोणपन्नास चौकोन, प्रत्येकात एक फूल, भोवती पांढऱ्या ठिपक्यांची माळ. चंपा तेव्हा परकरात होती, तरी त्यांनी ते होणाऱ्या नातवंडाच्या कौदीसाठीच छापलं होतं. बाळ बन्नूरला जाईल ते ह्या कौदीत जाईल, आणि डोळा आहे तोवर ती आपण शिवू, एवढंच अक्कांनी धरलेलं होतं. कापायची रेघ मात्र त्यांना दिसत नव्हती. ती त्यांनी माझ्यावर सोपवली.

मी ते काम एका बैठकीत केलं. आयुष्यात इतकं सरळ कधी कापलं नव्हतं. दोन माळांच्या मध्ये बोटभर कोरी तांबडी जागा होती; ती मला फुकट गेलेली वाटली. म्हणून माळेच्या जेमतेम सूतभर बाहेरून कात्री चालवली, आणि स्वच्छतेची आवड असल्यामुळे उरलेल्या पट्ट्या गोळा करून चुलीत घातल्या.

अक्कांनी वरचा चौकोन उचलला. कडेवरून नख फिरवलं. दुसरा उचलला, तिसरा.

"शिवण कशातून घ्यायची?" त्यांनी विचारलं.

ती कोरी जागा शिवणीसाठी होती. मरणाच्या दारातल्या माणसानं बायकोच्या सुईसाठी राखून ठेवलेली. आता शिवायला घेतलं तर ठिपक्यांची माळ आत गडप होणार होती. मी पट्ट्या चुलीत घातल्याचं सांगितलं. अक्कांनी चौकोन पुन्हा एकावर एक रचले. मग म्हणाल्या, "साकु. पुरे झालं वाईट वाटून. पांढरं कापड आहे का तुझ्याकडे? लांब, मऊ, रोज धुतलेलं?"

असं कापड माझ्याकडे एकच होतं, आणि ते डोक्यावर होतं. कचेरीचा फेटा त्यांनी माझ्याच हातानं उभा फाडायला लावला. त्याच्या दुहेरी पट्ट्या प्रत्येक चौकोनाच्या मध्ये घालायच्या, आणि चौकोनाची फक्त ती सूतभर कड पट्टीच्या पोटात धरून बारीक धावदोरा घ्यायचा, असं ठरलं. मी नवा फेटा घेईपर्यंत आठवडाभर ताप आल्याचं कळवून घरी बसलो. हेडक्लार्क समाचाराला आले तेव्हा मी मांडीवर कौदी घेऊन बसलेलो. ताप कुठल्या जातीचा आहे ते त्यांना दिसलं.

पण मधे पट्ट्या आल्यामुळे, माझ्या पराक्रमानं, छत्तीस चौकांचे एकशे चव्वेचाळीस कोपरे झाले होते. मधल्या काळात चंपा आली, तिला मुलगी झाली, बारसं झालं, आणि डावा डोळाही मिटत गेला. अक्कांच्या हातून निम्मी कौदी झाली तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच उरलं. लेकीपासून ते लपणं शक्यच नव्हतं. चंपा एक दिवस रडली, मग तीही सुया ओवू लागली. तिथून पुढे शिवायचं मी, तपासायचं अक्कांच्या नखानं. नख अडलं की उसव. एका कोपऱ्यावर ते सात वेळा अडलं.

बाळाच्या तिसऱ्या महिन्यात बन्नूरची बैलगाडी दारात आली. शेवटचा कोपरा मी पहाटे घाईत शिवला होता आणि तो चांगला सूतभर सरकला होता. मला ते माहीत होतं. मी कौदीची घडी अशी घातली की तो कोपरा सर्वांत आत जावा, आणि चंपाच्या हातात देऊ लागलो.

"इकडे दे," अक्का म्हणाल्या. घडी मोडून त्यांनी नख फिरवायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ. न्यायला आलेला चंपाचा दीर बाहेरून ऊन चढल्याची आठवण देत होता. नख अडलं.

"गाडी थांबेल," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसलो. उसवलं, जावांना तोंडासमोर तोंड करून बसवलं, शिवलं. नख गेलं ते सरळ पलीकडे गेलं. मग त्यांनी कौदीवर तळवा ठेवून मला विचारलं, "तांबडा कसा आहे रे? तसाच आहे?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं, आणि सोपं ते करण्यात माझा हातखंडा होता. पण मी पाहिलं आणि सांगितलं, की मधे कुंकवासारखा आहे. पेटीत जिथं घडी होती तिथं उडालाय.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चंपे, ऐकलंस? घडी घालून ठेवायची नाही. रोज पांघरायची."

अक्का त्यानंतर चार वर्षांनी गेल्या. बन्नूरला गेलो की मी कौदीची चौकशी करायचो. चंपानं आईचा शब्द पाळला. तीन मुलांनी ती कौदी पांघरली, ओढली, भिजवली, तिच्यावर भांडणं केली, आणि अखेर तिची चिंधी झाली. शेवटपर्यंत एकही कोपरा सुटला नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं. सहा सुटले. सहाही माझे होते.