पाळीपासून चौथी गाठ

मी नऊ वर्षांची असताना गाव सोडलं. त्या सकाळी डोंगा वैनगंगेच्या घाटाला लागला होता, मला नागपूरच्या मिशनच्या बोर्डिंगात नेणाऱ्या बाई पलीकडच्या काठावर थांबल्या होत्या, आणि माय ओरडत होती, "उशीर होऊन राह्यला!" पण बा मला आधी तलावावर घेऊन गेला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोठं जाळं वाळत पडलं होतं. त्याचा दोर उचलून बानं चौथ्या गाठीवर माझा हात ठेवला. म्हणाला, "हे आपली. कुठीबी गेली तरी हे आपली." मग त्यानंच डोंगा हाकत मला नदीपार सोडलं. परत जाताना त्यानं मागं पाहिलं नाही.

आपल्या ढिवरांपैकी जे माझ्यासारखे लहानपणीच बाहेर पडले, त्यांना या गाठी आठवत नसतील. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमची ढिवरांची सगळी वस्ती मिळून एकच जाळं ओढते. दोरावर प्रत्येक घराची एक गाठ. पाळीजवळ थोरल्या घराची, मग त्याच्या धाकट्या भावाची, असं उतरत जातं. गाठ असेल त्या घराला मासळीत वाटा. ज्या घरात मुलगा नाही, त्याची गाठ म्हातारा गेला की सोडून टाकतात. मी बाची एकुलती एक मुलगी.

बोर्डिंगात मी इंग्रजी शिकले, काट्याचमच्यानं जेवायला शिकले आणि गप्प राहायला शिकले. सिस्टर विचारायच्या, वडील काय करतात? मी म्हणायची, फार्मर. हे खोटं मी सात वर्षं बोलले. ते इथं लिहून टाकते, म्हणजे सुटले.

चांद्याला टायपिस्टची नोकरी लागली, त्याच वर्षी बा तापानं गेला. कचेरीत एक फॉर्म भरताना आजोबांचं नाव विचारलं. ते आलं. पणजोबांचं आलं नाही. फॉर्ममध्ये ते मागितलंही नव्हतं, पण माझी बोटं टाइपरायटरवर थांबून राहिली.

तेव्हा वाचनालयात रविवारी दुपारी एक निवृत्त मास्तर घराण्यांचा इतिहास कसा शोधावा यावर बोलत. मी शेवटच्या बाकावर बसायची. मास्तरांचे नियम मला पाठ झाले. आधी जिवंत माणसांना विचारा. एकच प्रश्न तिघांना विचारा. कोणी सांगितलं ते नावासकट लिहा. आणि कळलं नाही तिथं जागा कोरी ठेवा, अंदाजानं भरू नका.

एकदा त्यांनी सर्वांना घरातला एकेक पुरावा आणायला सांगितला. कुणी सनद आणली, कुणी नाव कोरलेला तांब्या. मी वहीत जाळ्याच्या दोराचं, गाठींसकट, चित्र काढून नेलं होतं. माझ्या शेजारच्या कोटवाल्या गृहस्थांच्या हाती छापील कुळवृत्तांत होता. माझ्या वहीत डोकावून ते हसले, "हे काय, दोरी? तुमच्यात वंशावळी असतात वाटतं?"

मी वही झाकली नाही. मास्तर त्या चित्रावर वाकले. म्हणाले, "हे मला वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवा." मी उभी राहिले आणि पहिल्यांदा चारचौघांत म्हणाले, की मी ढिवराची मुलगी आहे.

चैत्रात मायचा निरोप आला. भाट येणार होता, घराघरांच्या वंशावळीची पोथी घेऊन. बाच्या नावापुढं तो 'निर्वंश' लिहील आणि दुसऱ्या दिवशी जाळं ओढताना डोमाजी मोठेबाबा आमची गाठ सोडतील. डोमाजी म्हणजे बाचे थोरले चुलतभाऊ. पाळीजवळची पहिली गाठ त्यांची. गाठ गेली की मायला त्यांच्या दारात मासळी मागायला उभं राहावं लागणार होतं. तरी तिचा निरोप एवढाच होता, की ये आणि बघून जा.

मी रजा टाकून भाटाच्या चार दिवस आधी पोचले आणि तिघांना एकच प्रश्न विचारला, पहिली गाठ कोणी बांधली? जाळी विणणाऱ्या बकाराम आबांनी सांगितलं, सगुणानं. वस्तीतल्या सर्वांत जुन्या सुकराबाईनं सांगितलं, सगुणानं. तिच्या बापाला मुलगा नव्हता. तिनं जाळ्याच्या दोरावर बापाच्या नावानं गाठ बांधली आणि नवरा घरजावई आणला. तिच्याच लेकरांची ही सगळी घरं. तिसऱ्यांदा मी ज्यांना विचारलं त्याही म्हणाल्या, सगुणानं.

भाटाभोवती सगळी वस्ती जमली. त्यानं गाऊन नावं वाचली. सगुणाचं नाव नव्हतंच. घरजावयाला त्यानं मुलगा करून टाकलं होतं. बाच्या नावावर तो थांबला.

"पुढं वंश नाई," डोमाजी म्हणाले.

"मी आहे," मी म्हणाले.

"आली मोठी मॅडम!" डोमाजी हसले. त्यांच्यामागून सगळे हसले. "पोरीची गाठ रायते का कुठी?"

मी वही उघडली आणि पहिली गाठ सगुणाची, असं वाचलं. खाली सांगणाऱ्यांची नावं होती, तीही वाचली. बकाराम. सुकराबाई. तिसरं नाव डोमाजींच्या आईचं होतं.

हसणं थांबलं. डोमाजी बायकांकडे वळले. "माये, तू सांगतलं?"

"तिनं विचारलं, मी सांगतलं," म्हातारी म्हणाली. "तू कधी विचारलं का मले?"

आता बायका हसल्या, आणि त्यात माझी माय होती. भाट कुरकुरला, "लेकीचं नाव पोथीत लिवत नाई, बाई."

"मग जागा कोरी ठेवा. निर्वंश लिहायचं नाही."

त्यानं डोमाजींकडे पाहिलं. डोमाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. भाटानं पोथी मिटली. बाच्या नावापुढं काही लिहिलं नाही.

सकाळी मी पातळाचा काचा मारून पाण्यात उतरले. मला जाळं ओढता येत नव्हतं. गाळात दोनदा पडले. "ओढ न, मॅडम!" असं पाळीवरून पोरी ओरडत होत्या. चौथी गाठ डोमाजींनी सोडली नाही, मीही नाही. वाटा मायनं मोजून घेतला नाही, टोपली भरून सरळ डोक्यावर घेतली आणि डोमाजींच्या दारावरून गेली.

गावात परत राहायला मी जाणार नाही. मला चांद्याची खोली आवडते, टाइपरायटरचा आवाज आवडतो. कुणी घर विचारलं की मात्र मला आता वैनगंगा, डोंगा, बोर्डिंग असं काही आठवत नाही. हाताच्या मुठीत मावेल एवढंच आठवतं. येत्या उन्हाळ्याची रजा मी आताच मागून ठेवली आहे.

गावाहून परतल्यावर त्या सोमवारी कचेरीत माझे तळवे दोरानं सोलले होते, कागदावर डाग पडत होते. हेडक्लार्कनी विचारलं, वडील काय करायचे हो तुमचे?

मी सांगितलं, मासे धरायचे. आता मी धरते.