बॉनेटमधले गज

आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या शर्टाला कायम थिनरचा वास असायचा. गॅरेजात त्यांनी जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवल्या, स्वतःची एकही झाली नाही. घरातली पहिली पदवी मात्र माझी.

आता त्यांचा हात थरथरतो. म्हणून त्यांच्यासाठी आणलेली वीतभर खेळण्यातली मोटार सुट्टीच्या दिवशी गॅलरीत मीच स्प्रेनं रंगवते. तीनदा रंग घासून काढला. चकाकी येते, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा राहतो. एवढ्याशा गाडीनं खांदे भरून येतात, मग ट्रकमागून ट्रक रंगवणाऱ्याचं काय होत असेल?

"लांबून मारतेस. रंग वाटेतच वाळतो," अण्णा आतून म्हणाले. "कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

"तुम्ही तरी कुठं शिकवलंत?"

"तुला त्या वासात आणायचं नव्हतं."

 मी धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलं आणि जवळून, हात न थांबवता रंग मारला.

वाळल्यावर अण्णांनी गाडी खिडकीपाशी धरली. रंग चांगला बसला असेल तर बॉनेटमध्ये खिडकीचे गज सरळ दिसतात, ही त्यांची जुनी परीक्षा. ते बराच वेळ बघत राहिले.

गज सरळ दिसत होते. आमच्या घरातली पहिली गाडी नीट रंगली.