भाऊजींचा हवेचा जॅक

माझे धाकटे दीर अंगाने सडपातळ आणि डोक्याने मोठे, म्हणून सगळी गल्ली त्यांना 'बोल्ट' म्हणते. मी आपली भाऊजी म्हणते. त्यांनी आणि आमच्या ह्यांनी मिळून मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज एकवीस वर्षं चालवलं. मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हे घरी बसले. बसले ते बसलेच. आठ महिने.

कारण विचारलं की एकच. "लिफ्ट कोण चढवणार?" गाडी उचलायचं टेबल स्वस्तातलं, गाडी कमरेपर्यंत आणायला पायाने चाळीस पंप मारावे लागत. ह्यांना चारही जमेनात.

"भाऊजी मारतील की," मी म्हणायची.

"मी काय पाहुणा आहे, दुसऱ्याने गाडी उचलून द्यायला?"

आता अशा मानी माणसापुढे किती डोकं फोडायचं?

भाऊजी रोज दुपारी डबा न्यायला यायचे आणि ह्यांच्या खुर्चीपाशी उगाच रेंगाळायचे. स्वतःला येत असलेलंच काहीतरी विचारायचे. एकट्याने घास उतरत नव्हता त्यांच्या घशाखाली. डबा अर्धा परत यायचा.

शेवटी त्यांनी टेबलाखालचा जुना जॅक काढला आणि हवेवर चालणारा आणला. कॉम्प्रेसरची हवा तेलाला ढकलणार, तेल टेबल उचलणार; माणसाने नुसतं पेडल दाबून धरायचं. नवा जॅक चार बोटं लांब निघाला, म्हणून तो बसवायचा ब्रॅकेट कापून मागे वेल्ड केला. दोन रविवार त्यात गेले. एवढं करूनही गाडी अर्ध्यावर अडायची आणि जॅक नुसता फुरफुरायचा. वैतागून त्यांनी फोन लावला. ह्यांनी तो आवाज ऐकला मात्र, लगेच विचारलं,

"जॅकचा पंप वरच्या बाजूला ठेवलायस?"

"नळी तिकडून जवळ पडते ना."

"अरे शहाण्या, आडवा जॅक आहे. तेल खाली बसतं. पंप वर राहिला तर तो तेल कुठून ओढणार? फिरव तो."

फोन ठेवल्यावर हे कितीतरी वेळ तळहात चोळत बसले. एवढा जीव तुटतोय तर जावं ना माणसाने!

दुसऱ्या दिवशी भाऊजी पंप फिरवून, 'एकदा बघ तरी' म्हणत ह्यांना न्यायलाच आले. मीही सोबत गेले. ह्यांनी पेडल दाबलं, गाडी सरसर कमरेपर्यंत आली. खालचा आधाराचा दांडा ह्यांनीच घातला. चेहरा उजळला, पण क्षणभरच.

"छान झालंय. आता एकट्याला सहज निभेल तुला."

भाऊजी उसळले. "माझ्या पायांना काय धाड भरलीये? चाळीस काय, चारशे मारीन. हे तुझ्यासाठी केलंय, दादा."

"मला अर्धा तास उभं राहवत नाही रे. काय उपयोग माझा?"

"उभा नको राहूस. कामही नको करूस." भाऊजींनी हातातला पान्हा खाली ठेवला. "नुसता बस इथे. चुकलो तर ओरडायलासुद्धा कुणी नाही मला."

ह्यांनी स्टूल ओढलं आणि गाडीला गाल टेकेल इतकं जवळ जाऊन बसले. आठ महिने हा माणूस माझ्यासमोर बसून होता. पण असा, घरी आल्यासारखा, एकदाही बसला नव्हता.